कमरेचा चौथा मणका

अमेरिकेत, मिझूरीतल्या आमच्या कॉलेजात हातांनी मणके बसवायची विद्याही शिकवतात, म्हणून डॉक्टर होणाऱ्याला आधी बोटांनी बघायला शिकवतात. पाठीवर हात ठेवायचा, आपला श्वास हलका करायचा, आणि कातडीखाली कोणता मणका रुसून वळलाय ते ओळखायचं. मला ते लवकर जमलं, म्हणून अध्यापनाची फेलोशिप मिळाली. आपलं शिक्षण एक वर्ष लांबवून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. आईनं ते पत्र फ्रिजवर लावलं होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेची आमची रीत अशी : आधी फेलो पाठ तपासतो, सापडेल ते लिहून कागद पालथा ठेवतो. मग विद्यार्थी तपासतो. दोघांचं जुळलं तर तो पास.

त्या शुक्रवारी, तपासणीसाठी पालथी झोपलेल्या पहिल्या वर्षाच्या जोलीनची पाठ माझी चौदावी. बोटं बधिर झालेली. एकदा चाचपलं, दोनदा चाचपलं, काही लागेना. कागद कोरा ठेवायची लाज वाटली. लिहिलं, 'कमरेचा चौथा मणका उजवीकडे वळलेला.'

मग परीक्षा द्यायला नोलन प्रुइट आला. माझ्याहून मोठा, आधी घोड्यांना नाल ठोकायचा.

"सगळं सरळ आहे, मास्तरीणबाई."

"नीट बघ."

"बघितलं की! हिच्या कमरेवर भरला कप ठेवला तरी हिंदकळायचा नाही."

जोलीन पालथी पडल्यापडल्या हसली. मी त्याला नापास केलं.

सोमवारी तो जोलीनला सोबत घेऊनच आला.

"फेरपरीक्षेत पडलो तर वर्ष गेलं, लोर्ना. तीन दिवस बायकोची पाठ दाबतोय. म्हणते, घोडे बरे होते तुझे, निदान लाथ तरी मारायचे." मग आवाज उतरला. "माझं बोट धर आणि ठेव त्या जागेवर. एकदा कळू दे मला."

मी ते खरबरीत, जाणतं बोट धरलं. जोलीनच्या कमरेवर ठेवलं. खाली मणका निवांत, वारा पडलेल्या तळ्यासारखा.

"आता आपोआप सरळ झाला असेल का गं?" त्यानंच विचारलं.

हो म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"नव्हताच," मी म्हणाले. "मला काहीच लागलं नव्हतं. मी मनानं लिहिलं."

त्यानं बोट सोडवून घेतलं. जोलीन चादर ओढून उठून बसली, माझ्याकडे बघेना.

"मला वाटलं, माझे हातच गेले," नोलन म्हणाला. एवढंच.

आमच्या विभागाच्या प्रमुख मॅब्री बाई. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नोलनचा निकाल फिरवला, आणि बाकीचे तेरा कागद माझ्यापुढे ठेवले.

"यातलं खरं कुठलं?"

अक्षर माझंच. पहिल्या पाचांची खात्री होती. सहाव्यावर हात थांबला.

"आठवत नाही, बाई."

"मग त्या कागदांवर ज्यांची परीक्षा झाली, त्या मुलांना तूच सांग. उद्या, वर्गात."

मी नावं उतरवून घेतली. आठ भरली. त्यातले तिघं नापास होते.