दुसरा ब्रेक

गाडी शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. शिकणारा कितीही गडबडला तरी मास्तरांनी पाय दाबला की गाडी थांबते. या मास्तरांचा पाय तर त्या दुसऱ्या ब्रेकवर मुक्कामालाच असायचा. समोर मांजर आलं की ब्रेक, आणि मांजर येईल असं नुसतं वाटलं तरी ब्रेक. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तर तोंड पोळायची वाट बघत नसत. शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, ही काय लहान गोष्ट झाली?

एका दुपारी फोन आला. "मला गाडी शिकायचीय," पलीकडून मुलीचा आवाज आला. मास्तरांनी सवयीप्रमाणे विचारलं, सकाळची वेळ हवी की संध्याकाळची.

"सकाळची," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मी तुमची मुलगी बोलतेय."

मास्तर मटकन खाली बसले. मागे खुर्ची होती म्हणून निभावलं.

लेक सात वर्षांची असताना नवरा-बायकोचं फाटलं आणि तिची आई तिला घेऊन आपल्या माहेरच्या गावी गेली. दर रविवारी मास्तरांनी जायचं, दुपारभर लेकीला फिरवून संध्याकाळी परत सोडायचं, असं ठरलं होतं. पहिले काही महिने ते नेमाने गेलेही. पण फाटकापाशी सोडायची वेळ आली की पोर त्यांचा शर्ट मुठीत धरून असा टाहो फोडायची की आजूबाजूच्या खिडक्या उघडायच्या. एकदा सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेलात की पोर दोन-दोन दिवस जेवत नाही." त्या काही वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण मास्तरांना तेवढं पुरलं. थोडे दिवस जाऊ नये, पोर सावरेल, असं म्हणत त्यांनी एक रविवार चुकवला. मग दुसरा. पुढे कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न पडला आणि तो पंधराएक वर्षं पडूनच राहिला. वाढदिवसाला ते काहीबाही पाठवत. ते पोचलं का, हे विचारायचा मात्र धीर होत नसे.

आणि आता ती याच शहरात नोकरीला आली होती. लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या आखडलेल्या हातापायांना व्यायाम द्यायचं तिचं काम. गाडीशिवाय जमणार नव्हतं. शहरात गाडी शिकवणारे काय कमी होते? तरी तिने यांनाच फोन केला, एवढं एकच वाक्य मास्तर रात्रभर घोळवत राहिले.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मास्तरांनी गाडी आतून-बाहेरून दोनदा पुसली होती. ती ठेंगणी होती, मास्तरांच्या बहिणीसारखी. आरसा नीट करताना तिने खालचा ओठ दाताखाली धरला. तीही सवय बहिणीचीच. बोलायचं काय आणि कसं, हे काही त्यांना सुचेना. पण मास्तरकीची भाषा मोठी सोयीची असते. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, आरशात बघायचं. त्यात तू नाही आणि तुम्हीही नाही. लहानपणी ते तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. ते नाव पार ओठांपर्यंत यायचं आणि मास्तर म्हणायचे, "हाफ क्लच."

ती त्यांना सर म्हणायची. सगळेच म्हणायचे, म्हणून ती म्हणायची. मास्तर रोज मनाला हेच समजावत.

तिचा हात चांगला होता. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता उचलणं लोकांना महिनाभर जमत नाही, तिला तिसऱ्याच प्रयत्नात जमलं. मास्तर "ठीक आहे" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत एकटेच हसले. हळूहळू ती थोडं बोलायलाही लागली. एखाद्या आजोबांचा गुडघा आज वाकला, घरमालकीण बाई नळाला कुलूप लावते, असं काहीतरी. मास्तर हूं म्हणत आणि ऐकलेला शब्द न् शब्द घरी घेऊन जात.

घर म्हणजे एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. दोन कपांतला एक नेहमी पालथा. पूर्वी त्यांना ते घर चालत असे. आता संध्याकाळ झाली की ते खायला उठायचं. मग मास्तर खाली येऊन उभ्या गाडीत बसून राहत. शेवटचा शिकाऊ उतरला की ते चालकाची सीट पुढे ओढून ठेवत, पार पुढे, ठेंगण्या माणसाला पाय पोचतील इतकी. सकाळचा पहिला तास तिचा असे ना. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा म्हणाले, "मास्तर, गाडीला झोपवून मग वर जाता की काय?" मास्तर हसले. गाडी बिचारी केव्हाच झोपलेली असायची.

असं करता करता तिचं शिकून झालं. आणि इथे मास्तरांची बुद्धी फिरली. शिकून झालं की परीक्षा, परीक्षा झाली की लायसन, आणि लायसन हातात आलं की मास्तर कशाला हवेत कुणाला? त्यांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. रिव्हर्स अजून कच्चा आहे. वळताना नजर डावीकडे कमी जाते. गाडी अगदी सरळ चाललेली असताना ते मध्येच ब्रेक दाबत आणि म्हणत, "बघितलं? इथे कुणी आडवं आलं असतं तर?" ती रस्त्याकडे बघे. रस्ता मोकळा असे. ती पुन्हा पहिला गिअर टाकून निघे. तिने दोनदा विचारलं, परीक्षेची तारीख कधी घ्यायची. मास्तर दोन्ही वेळा म्हणाले, "घाई कसली आहे?"

बिंग फोडलं ते हेडबाईंनी. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या गाडी कमी चालवत आणि काच खाली करून रस्त्यावरच्या लोकांना शिस्त जास्त लावत. मुलीचा तास संपत होता आणि बाई पुढच्या तासासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

"अगं, तुझी परीक्षा नाही झाली अजून?" बाई म्हणाल्या. "माझी झाली की. मैदानातला एक खांब पाडला मी, म्हणून पुन्हा चार दिवस येतेय. तुझ्याइतकी सफाई असती तर मी आत्ता लेकाच्या गावी निघाले असते गाडी घेऊन."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वायपरवरचं नसलेलं पान काढत होते.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन निघाली ती नेहमीच्या रस्त्याने नाही. नदीकाठच्या लांबलचक मोकळ्या रस्त्याला लागली. तिथे समोर कोणी नव्हतं. तरी मास्तरांचा पाय दबला आणि गाडी हिसका खाऊन थांबली. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"माझी परीक्षा का लांबवली?"

"रिव्हर्स अजून..."

"रिव्हर्स नीट आहे माझा."

 खोटं बोलायचा मास्तरांचा पिंड नव्हता. एकदा बोलले तर तेही धड जमलं नव्हतं. "परीक्षा झाली की तू यायची बंद होशील," ते म्हणाले. "म्हणून."

तू हा शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. तिने तो ऐकला. पण ती समोर बघत राहिली.

"मी रडायचे म्हणून तुम्ही यायचं बंद केलंत. आजीने सांगितलंय मला."

"तुला त्रास व्हायचा. जेवत नव्हतीस तू."

"मग रडू द्यायचं होतं. लहान पोरं रडतात. दर रविवारी मी त्या फाटकाशी उभी राहायचे, माहितीय? कितीतरी दिवस. मला वाटायचं, मी फार रडले म्हणून बाबा रागावला. मग मी रडायचं बंद केलं. तुम्ही आला असतात तर मी मुळीच रडले नसते. पण ते तुम्हाला कळणार कसं?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "काही होण्याआधीच तुम्ही थांबवता सगळं. गाडी काय आणि माणूस काय."

मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. पण जे म्हणायचं ते पंधरा वर्षांपूर्वी एका फाटकापाशी म्हणायचं होतं, आता त्याचं काय करायचं ते त्यांना समजेना. ती इंजिन सुरू करून परत निघाली. सबंध रस्ताभर मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून धरले होते.

त्यांनी त्याच दिवशी तारीख घेतली. परीक्षा घेणारे साहेब मास्तरांच्या जागेवर बसले आणि मास्तर दोरीपलीकडे इतरांच्या आई-बापांत उभे राहिले. तिने एकही खांब हलू दिला नाही. उतरल्यावर ती म्हणाली, "झालं. थँक यू, सर," आणि रस्ता ओलांडून निघून गेली. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघितलं तिने. तेवढं मास्तरांनी पाहिलं.

मग काही नाही. फोन नाही, निरोप नाही. मास्तर दहा वेळा फोन हातात घेत आणि दहा वेळा ठेवत. तिला त्रास नको, असं मनात आलं की त्यांना स्वतःचाच राग येई, आणि राग आला तरी फोन काही लावला जात नसे. सकाळचा पहिला तास त्यांनी कुणालाच दिला नाही. नवा शिकाऊ आला की सांगत, ती वेळ भरलेली आहे. आणि त्या वेळेला ते खाली येऊन पुढे ओढलेल्या सीटशेजारी आपल्या जागेवर बसत. काच पुसून झाली की पुन्हा पुसत. वरचे गृहस्थ आता थट्टा करत नव्हते, आणि थट्टेपेक्षा ते जास्त बोचत होतं.

एका रविवारी दुपारी खालून हॉर्न वाजला. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. एक जुनी, कडांना रंग उडालेली छोटी गाडी आणि चालकाच्या सीटवर ती.

जिना उतरताना मास्तरांच्या पायात चपला होत्या की नाही, ते त्यांना नंतर आठवेना.

"जुनीच घेतलीय," ती म्हणाली. "जरा बघता का?"

मास्तरांनी टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं, काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकलंच नाही. "बसा," ती म्हणाली. ते शेजारी बसले. सीट नेमकी मास्तरांना लागते तितकी मागे होती.

ती चौकाकडे निघाली. पुढे एक मालट्रक डुलत डुलत वळत होता. मास्तरांच्या हिशेबाने आता ब्रेक लागायला हवा होता. नव्हे, मघाशीच लागायला हवा होता. त्यांचा पाय गेला आणि दाबला गेला. खाली नुसतं रबरी पायपुसणं होतं. पाय टाचेपर्यंत दाबला तरी काही झालं नाही. गाडी आपल्या वेळेने, ट्रकच्या मागे अलगद थांबली.

तिने त्या पायाकडे पाहिलं. "तिथे काही नाहीये," ती म्हणाली.

"माहितीय," मास्तर म्हणाले. आणि दोघांनाही हसू आलं, थोडंसं.

तिने त्यांना शहरभर फिरवलं. ते आजोबा कुठे राहतात, नळाला कुलूप लावणारी बाई कुठली, हे तिने खिडकीतूनच दाखवलं. दुपारभर. मग ऊन उतरलं आणि तिने गाडी मास्तरांच्या दारात आणून उभी केली. मास्तर उतरले, दार लावलं, खिडकीशी वाकले. सावकाश जा, असं सांगायचं होतं.

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि तिची हनुवटी थरथरत होती. लहानपणी रडू फुटायच्या आधी थरथरायची, तीच हनुवटी. खालचा ओठ दाताखाली होता आणि तरी ती आवरत नव्हती. मास्तरांना ते फाटक आठवलं, उघडणाऱ्या खिडक्या आठवल्या. पाठ वळवून जिना चढून जावं, म्हणजे पोर लवकर सावरेल, असं अंगातल्या प्रत्येक हाडाने त्यांना सांगितलं.

मास्तरांनी दार उघडलं आणि ते पुन्हा आत बसले. पाय सीटखाली घेतले.

"मी जात नाही कुठे," ते म्हणाले. "रड तू, भिंगरे."

ती रडली. सात वर्षांच्या पोरीसारखी, आवाज करून, त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरून. वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. मास्तरांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायची खूण केली.