आठ बोटं जास्त

“हितली माणसं आजारी पडायची थांबली का?”

चाँदने हा प्रश्न माझ्या डाव्या बाहीला टेकून तीन वर्षं विचारला. पहिल्या वर्षी त्याचा थोरला भाऊ, डॉक्टर इकबाल, बूट पुसत होता. तो पुसतच राहिला. दुसऱ्या वर्षी भावजय रशिदा औषधांच्या पेटीत गवत भरत होती. तिने गवताची पेंढी चाँदच्याच हातात दिली. तिसऱ्या वर्षी दोघंही समोर होती आणि दोघांनाही ऐकू आलं नाही. मला उत्तर माहीत असतं तर मी दिलं असतं. पण मी दाराची चौकट आहे, आणि बाही म्हणजे माझं उभं लाकूड. लोक माझ्यातून बोलत जातात, माझ्याशी कोणी बोलत नाही.

मी ऐनाच्या लाकडाची. तिकोणा पेठेच्या गेणू सुताराने मला १९१४ साली घडवलं आणि या भावांच्या बापाला सांगितलं, “घर पडंल, पर ही चौकट पडायची न्हाई.” १९२९ साली घर पडलं. मी उभी होते. बाप त्याआधीच गेला होता. भावांनी मला बैलगाडीत आडवी घातली आणि लोणावळ्याच्या बाजारामागे एका भाड्याच्या घराला बसवली. त्या घराची जुनी चौकट वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे घरमालकाची हरकत नव्हती.

पुढच्या खोलीत दवाखाना, मागे संसार. इकबाल मुंबईला शिकून डॉक्टर झालेला. रशिदा तळेगावची, सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलेली. चाँद दुसरीतून शाळा सोडून आलेला. मास्तरांनी छडी उगारली आणि याने ती मोडली, एवढंच त्याचं शिक्षण. तो स्टेशनावर टांगा हाकायचा. राग आला की आधी करून मोकळा व्हायचा, मग काय झालं ते विचारायचा.

मुंबईहून हज यात्रेकरूंच्या बोटी जेद्दाला जात. गर्दीत, उन्हात माणसं पटकीने आजारी पडत. मुंबईतल्या काही व्यापाऱ्यांनी मंडळ काढून जेद्दाच्या बंदरावर तंबूत दवाखाना घातला होता. तिथे जाणाऱ्या डॉक्टरांना बोटीचं तिकीट आणि दोन वेळचं जेवण मिळे. पगार नव्हता. इकबाल आणि रशिदा दिवाळी उलटली की निघायची आणि उन्हाळ्यात परतायची. उरलेले महिने मावळातले आजारी. लोक विचारत, पोरीचं काय? पोरीला चाँद होता.

पोरीचं नाव शमीम. पहिल्यांदा ती दोघं गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. सहा महिन्यांनी रशिदा परत आली, उंबऱ्यात वाकली आणि तिने हात पसरले. शमीम चाँदच्या पायामागे गेली.

“चाचा, ही बाई कोण?”

“पेशंट आहे,” रशिदा म्हणाली. “जरा नाडी बघता का?”

शमीमने नाडी बघितली आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. रशिदा हसली. मग बराच वेळ ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासलेली होती.

संध्याकाळी तिने पोरीला माझ्या डाव्या बाहीला पाठ लावून उभं केलं, उंबऱ्यापासून डोक्यापर्यंत दोरा धरला आणि कापला.

“चाँद, तुला पत्र लिहायला सांगितलं तर तू ‘सर्व ठीक’ एवढंच लिहिशील. पुढच्या वेळी दर महिन्याला हिच्या उंचीचा दोरा पाठव. मी तिथे तंबूच्या खांबाला लावीन.”

“आन् माझ्या उंचीचा?”

“तू वाढायचा थांबलास. अक्कल तेवढी वाढायची राहिली.”

पुढच्या वर्षापासून चाँद दर महिन्याला शमीमच्या डोक्यावर औषधाचं रिकामं खोकं आडवं धरायचा, त्याच्या कडेशी माझ्या डाव्या बाहीवर चाकूने खाच करायचा आणि तेवढा दोरा पाकिटात घालायचा. सोबत ‘सर्व ठीक’ लिहायचा. रशिदा तिकडे त्या मापाने हाताने झगा शिवायची. ती घरी आली की शमीम तो घालून माझ्यात उभी राहायची. झगा गुडघ्याखाली चार बोटं यायचा. ना जास्त, ना कमी.

चौथ्या वर्षी, म्हणजे १९३५ च्या दिवाळीनंतर, चाँदने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

शमीम तेव्हा पाच वर्षांची होती. माघात तिने चिंध्यांची एक बाहुली केली, तिचं नाव अम्मा ठेवलं आणि तिला खोक्यात घालून झाकण लावलं.

“काढ की तिला भाईर,” चाँद म्हणाला.

“ती बोटीत आहे,” शमीम म्हणाली. “मला कामं आहेत.”

चाँद मोठ्याने हसला. त्याच आठवड्यात इकबालचं पत्र आलं. चाँदने ते अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. यंदा आजारी फार आहेत, दोन महिने जास्त लागतील, पोरीला सांग.

त्याने पोरीला सांगितलं नाही. हाकही मारली नाही. त्याने दोरा काढला, शेवटच्या खाचेपर्यंत धरला, त्यावर दोन्ही हातांची चार-चार बोटं आडवी ठेवली, माझ्यावर नखाने ओरखडा काढला आणि तिथे दोरा कापला. शेजारच्या मुक्ताबाई भाजीची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

“आरं, पोर तेवढी कुटं हाय?”

“न्हाई. पर त्येंना कळू द्या. बघू दे, त्येंच्या माघारी किती वाढली ती.”

“डाक्टर हाय त्यो. खोटं लगीच वळखंल.”

“वळखू दे. भांडायला तरी घरी यील.”

महिन्याभराने उत्तर आलं. इकबालने लिहिलं होतं, ‘दोरा मिळाला. एक तर चौकट जमिनीत खचली आहे, नाहीतर पोरीला डॉक्टरला दाखवायला हवं. मुक्काम वाढवत नाही. एप्रिलच्या पहिल्या बोटीने निघतो. रशिदाने दोरा खांबाला लावला. शिवत बसली आहे.’

माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच कोणी लिहिलं होतं. मी मनावर घेतलं नाही. चाँदने घोड्याला आंघोळ घातली, टांग्याची चाकं रंगवली आणि बाहुलीला खोक्यातून काढून खिडकीत बसवलं.

बोट सुटायच्या चार दिवस आधी तंबूत पटकी आली. ती दोघं बोटीत चढली नाहीत. तार आली ती पोस्टमनने उंबऱ्यावर उभं राहून वाचली. इकबाल मंगळवारी गेला, रशिदा शुक्रवारी. दोघांना तिथेच दफन केलं.

चाँद उंबऱ्यावर बसला. शमीम मागून आली.

“चाचा, सरक ना. मला बाहेर जायचंय.”

तो सरकला.

ती लांब गेल्यावर तो परसातून कुऱ्हाड घेऊन आला आणि ती त्याने माझ्या डाव्या बाहीवर घातली. दुसऱ्या घावाआधी मुक्ताबाईंनी त्याचा हात धरला.

“बाबा रं, अख्खं घर पडलं तवा ही पडली न्हाई. तू काय पाडतोस?”

“भाबी खोटं घिऊन गेली, मावशी,” तो म्हणाला. “तिची पोर तेवढी नव्हती. तिला वाटलं असंल... लय वाढली म्हणून.” कुऱ्हाड मुक्ताबाई घरी घेऊन गेल्या आणि त्यांनी ती वर्षभर दिली नाही.

पावसाच्या तोंडावर एक पार्सल आलं. मंडळाने त्या दोघांचं सामान पाठवलं होतं. वर हाताला मऊ लागत होतं. आत काय आहे ते चाँदला ठाऊक होतं आणि ते आठ बोटं लांब असणार हेही ठाऊक होतं. त्याने पार्सल न उघडता फळीवर ठेवलं. अकराव्या दिवशी शमीमने डबा लावून ते खाली काढलं, फाडलं आणि झगा अंगात घालून माझ्यात येऊन उभी राहिली.

झगा गुडघ्याखाली चार बोटं आला. ना जास्त, ना कमी.

चाँद घोड्याला चंदी घालत होता. चंदी तशीच टाकून तो आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने झग्याची कड उलटली. आतून चार दुमडी घातल्या होत्या, कच्च्या टाक्यांनी, सहज उसवता येतील अशा. त्याने एकेका दुमडीवर बोटं ठेवली. दोन, चार, सहा, आठ.

“भाबीला म्हाईत होतं,” तो म्हणाला.

“आई हाय ती,” शेजारून आलेल्या मुक्ताबाई म्हणाल्या. “तुझ्या दोऱ्यावर इस्वास ठेवंल व्हय?”

“मंग यायला का निघाली?”

त्याने उलटलेली कड परत सरळ केली.

त्या दिवसापासून त्याने एक नेम धरला. शमीम दोन बोटं वाढली की तो एक दुमड उसवायचा. झगा विटत गेला, पण उसवलेला पट्टा दर वेळी नवा कोरा निघायचा, त्यामुळे खालून तो पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागला. शाळेतल्या पोरी शमीमला चिडवायच्या. “तुमच्या झग्याला वर्षं मोजता येतात का?” असं विचारून ती त्यांना गप्प करायची.

आता १९३८ सरत आलंय. दवाखान्याच्या खोलीत घरमालकाने किराणा मालाचं दुकान काढलंय. चाँद आणि शमीम मागच्या खोलीत राहतात. माझा उंबरा मधोमध झिजलाय. कुऱ्हाडीच्या घावात मुंग्यांनी घर केलंय, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. घरमालकाने हिरवा तेलरंग आणून ठेवलाय आणि उद्या रंगारी येणार आहे. त्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा, रंग दे, मला हिरवा शोभेल की नाही तेही मी विचारत नाही. फक्त डाव्या बाहीवरच्या खाचा लांबी भरून बुजवू नकोस. ते लाकूड खराब नाही.

काल जुम्म्याची नमाज पढून चाँद घरी आला आणि त्याने शमीमला माझ्यापुढे उभं केलं. डोक्यावर खोकं आडवं धरलं. खोक्याची कड नखाच्या त्या जुन्या ओरखड्याला बरोबर टेकली. त्याने दोनदा बघितलं. टाचा उचलल्यात का म्हणून पोरीचे पायही बघितले. मग खाली बसून त्याने चाकूच्या टोकाने शेवटची दुमड उसवली, निघालेला दोरा बोटाला गुंडाळला, उठला आणि त्या ओरखड्यावर चाकू दाबून खरी खाच केली.