सांडलेली चुनखडी

मुकुटबनकडच्या शिवारातला शेवटचा बोअर संपला होता. जमिनीखालून काढलेले चुनखडीचे दांडके लाकडी पेट्यांमध्ये क्रमानं मांडून मैत्रेयी जेवायला बसली, तोच पाण्याचा ट्रॅक्टर मागं घेताना पेट्यांच्या थप्पीवर आदळला. पेट्या कोसळल्या आणि कोणता दगड किती खोलीवरचा ते लिहिलेले लाकडी ठोकळे एकीकडे, दगड दुसरीकडे झाले. कोणता तुकडा वरचा, कोणता खालचा, काही कळेना.

बाभुळगावची मैत्रेयी भूशास्त्रात एमएस्सी करत होती. या परिसरात चुनखडी किती खोल आणि किती जाड आहे, याचं संगणकावरचं मॉडेल तिला बनवायचं होतं. त्याचा सगळा भरवसा या बोअरवर होता. ती मातीत बसली आणि तिचे डोळे भरून आले.

मशीन चालवणारा अन्सार सामान बांधत होता. दुसऱ्या दिवशी ढाणकीला त्याच्या भाचीची मंगनी होती. तो जवळ आला.

"काहून रडून राह्यली, पोरी? दगड फुटले, हरवले तर नाही ना."

"चाचा, तुम्ही निघा. घरी वाट पाहून राह्यले असतील."

"पाहू दे. मंगनी उद्या हाय." त्यानं ताडपत्री अंथरली. "सांग मले, कसं लावाचं."

प्रत्येक तुकड्यावर मैत्रेयीनं आधीच लाल आणि निळी रेघ ओढली होती. लाल उजवीकडे ठेवली की वरची बाजू समजायची. मग भाकरीचे तुकडे जुळवावेत तशी दोघं तुटकी टोकं जुळवत बसली. करडा दगड, जांभळट पट्टा, पुन्हा करडा. ऊन कलत गेलं तशा पेट्या भरत आल्या.

एके ठिकाणी मात्र काहीच जुळेना. दोन्ही टोकं गोल झिजलेली, वर पिवळी माती चिकटलेली. तिथला थोडा दगड मशीनमध्ये पिचून गेला असेल, असं धरून मैत्रेयीनं रोजच्या रोज भरत आणलेल्या कच्च्या मॉडेलमध्ये तिथं भरीव चुनखडी दाखवली होती. आता तिला शंका आली.

"चाचा, इथं मशीन कशी चालली होती?"

"रॉड गपकन खाली गेलता, अन् पाणी वर येनंच बंद झालतं. तू तवा पलीकडच्या जुन्या बोअरवर गेलती."

म्हणजे खाली पोकळी होती! तिनं तिथूनच आपल्या मार्गदर्शक निशिगंधामॅडमना फोन लावला. "मॅडम, साठा माझ्या अंदाजापेक्षा कमी भरेल."

"भरू दे की. खरा आहे ना? तसाच मांड," मॅडम म्हणाल्या.

अन्सार अंधार पडता पडता ढाणकीकडे निघाला. चहा प्यायलाही थांबला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या पोकळीवरच बोट ठेवलं. मैत्रेयीनं घडलं ते सगळं सांगितलं, ट्रॅक्टरसकट. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "नशीबवान आहात. माणसं चांगली भेटली तुम्हाला."

बाहेर येऊन तिनं आधी आईला कळवलं, मग अन्सारला फोन लावला. पलीकडे मशीन धडधडत होती.

"चाचा, पास झाले! तुमच्यामुळं!"

"जोरात बोल!" तो ओरडला. मग मशीन थांबल्याचा आवाज आला. "हां, आता सांग. सगळं सांग."

आणि मैत्रेयी विद्यापीठाच्या पायरीवर बसून पहिल्यापासून सांगू लागली.