एका आजाऱ्याच्या दोन जोड्या

संसदेच्या उपाहारगृहात एका टेबलाशी तिघे बसले होते. चहावर साय धरू लागली होती. ताई आणि डॉक्टर, दोघे विरोधी बाकांवरचे. बोलता बोलता दोघांनी एकाच आजाऱ्याचे नाव घेतले होते, आणि आता दोघांची नजर सत्ताधाऱ्यांच्या प्रतोदावर, म्हणजे ताईच्या धाकट्या भावावर, खिळली होती.

सभागृहाची रीत जुनी होती: एका बाजूचा सदस्य आजारी पडला, की दुसऱ्या बाजूच्या एकाने शब्द देऊन मतदानाबाहेर बसायचे; याला 'जोडी' म्हणत. प्रतोदाचा एकच सदस्य इस्पितळात होता. त्या एकाच्या नावावर प्रतोदाने ताई आणि डॉक्टर, दोघांनाही बाहेर बसवले होते. परक्या युद्धात सैन्य धाडण्याचा ठराव त्या एका जादा मताने तरणार होता. पहिल्याच तुकडीत ताईचा मुलगा होता.

"एकच म्हातारा दोघांच्या गळ्यात बांधलात की हो!" डॉक्टर म्हणाले.

ताई हसली नाही. "शब्द आधी मी दिला. मी इथेच बसणार. डॉक्टर मोकळे."

"मी मोकळा, पण गुडघे आखडलेले. चाळीस पायऱ्या आहेत!"

तेवढ्यात घंटा घणघणली. पाच मिनिटांत दारे बंद होणार.

प्रतोदाने ताईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग असता तर तो निभावला असता. तिथे नुसते वाट पाहणे होते.

"चढा पाठीवर," तो डॉक्टरांना म्हणाला.

"अहो, मी विरोधी पक्ष आहे!"

"वजनावरून कळेलच. चढा!"

त्या संगमरवरी जिन्याने असली युती कधी पाहिली नव्हती. विसाव्या पायरीवर प्रतोदाचा बूट निसटला, तिसावीवर श्वास, आणि डॉक्टर मात्र पोरासारखे खिदळत ओरडत होते, "अखेर सत्तेवर बसलो रे!" मिटत्या दारातून दोघे आत कोसळले, उठले, आणि इमानाने एकमेकांविरुद्ध मते देऊन मोकळे झाले.

मते समसमान. नियमाप्रमाणे ठराव पडला. पक्षप्रमुखांचा चेहरा पाहून प्रतोदाला कळले की आपले होऊ घातलेले मंत्रिपद बुटाबरोबरच गेले. तरी हसू काही आवरेना.

जिन्याच्या पायथ्याशी ताई उभी होती. तो एका पायाने लंगडत, जवळजवळ उड्या मारत उतरला.

"ताई, रविवारी जेवायला येऊ ना?"

तिने त्याचा बूट त्याच्या हातात ठेवला, पदर सावरला, आणि त्याची वाट न पाहता चालू लागली.