चाळीस जणींत एक पट्टी

ती लाल पट्टी कॉलरवालीनंच शिवली होती. त्यासाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

शर्टांच्या त्या कारखान्यात नवा सुपरवायझर आला, तेव्हाची गोष्ट. सारखा मनगटाकडे बघायचा, म्हणून बायकांनी त्याला घड्याळबुवा म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात तो तिच्या कॉलरींच्या मशीनपाशी येऊन म्हणाला, "तुमच्यासारखा हात अख्ख्या हॉलमध्ये नाही. दंडावर बांधायची एक पट्टी शिवून द्या."

ती हुरळली. लाल अस्तराची दुहेरी पट्टी, कडेनं बारीक टीप, बांधायला नाडी. आतल्या घडीत, कुणाला दिसणार नाही असा, हौसेनं हातानं घातलेला एक उलटा टाका.

दुसऱ्या दिवशी कळलं ते कशासाठी. जिच्या दंडावर पट्टी, तिनंच जागेवरून उठून संडासला जायचं. बाया चाळीस, पट्टी एक. बाई परत आली की पट्टी घड्याळबुवाच्या टेबलावर, आणि पुढचीला द्यायची की नाही ते त्याच्या मर्जीवर. त्याला स्वतःला, कारकुनांना, वर बसणाऱ्या साहेबांना कसली पट्टी लागत नव्हती. बायांनी पाणी पिणं सोडलं. इस्त्रीच्या वाफेत ओठ सुकायचे, पण तांब्याला कुणी हात लावायचं नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग कॉलरवालीची धाकटी जाऊ काजांच्या मशीनवर लागली. आता तिला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या आणि अडवून धरू नका.

त्या दिवशी सकाळपासून तिनं तीनदा मागितली. चौथ्यांदा टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, द्या ना पट्टी."

"पोट तुझं वाढलंय, माझी शिफ्ट नाही वाढली. जा, बस."

कारकून हसला. ती जाऊन बसली, आणि थोड्या वेळानं जे व्हायचं ते मशीनपाशीच झालं.

घड्याळबुवानं फडकं आणून तिच्या पुढ्यात टाकलं. "पूस. माल भिजला नाही ना, तेही बघ."

ती पोट सांभाळत गुडघ्यांवर बसली. कॉलरवाली ताडकन उठली. "मी पुसते."

"दंडावर पट्टी आहे? नाही ना? मग खाली बसायचं."

आणि ती बसली. जाऊ फरशी पुसत होती आणि ही कॉलरी शिवत होती. पुढं म्हातारपणीसुद्धा ते आठवलं की तिच्या कानशिलांत आग उठायची. त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त.

जेवणाची घंटा झाली. घड्याळबुवा बाहेर गेला. डबा कुणी उघडला नाही.

"मामा," कॉलरवाली कापड कापणाऱ्या कटरमामाला म्हणाली, "लाल अस्तर उरलंय का?"

"किती हवंय?"

"एकोणचाळीस जणींपुरतं."

मामानं तिच्याकडं पाहिलं, अस्तराची चळत लावली आणि एकदाच कटर फिरवला. "मला विचारलं तर मी जेवत होतो."

जिनं तिनं आपापली शिवली. पाच मिनिटांचं काम. टेबलावरची खरी पट्टी त्यांच्यात मिसळली.

"ताई, माझं काम जाईल हो," जाऊ रडकुंडीला आली.

"जाऊ दे. माझंही जाईल. घरी बसून दोघी भांडू."

घड्याळबुवा दात कोरत आला, तर चाळीसच्या चाळीस दंड लाल.

"ही काय थट्टा? खरी कुठली?"

"सगळ्याच, साहेब," मागून आवाज आला.

त्यानं सगळ्या सोडायला लावल्या, टेबलावर ढीग केला, उलटसुलट करून पाहिल्या. मग कॉलरवालीला बोलावलं. "तुम्ही शिवली होती ना? ओळखा. नाहीतर ही काजवाली आजपासून घरी." आणि आवाज उतरवून, "तुम्हाला लाइनची मुख्य करतो."

ती एकेक पट्टी चाचपू लागली. सातवीच्या घडीत बोटाला तो उलटा टाका लागला. तिनं ती पट्टी मुठीत धरली.

"नाही ओळखू येत. हात इथं सगळ्यांचेच चांगले आहेत."

तेवढ्यात जाऊ पुढं आली, ढिगातली एक पट्टी उचलली, दंडाला बांधली आणि दाराकडं चालू लागली.

"थांब!"

"सकाळी थांबले होते की," ती मागं न बघता म्हणाली.

घड्याळबुवानं मनगटाकडं पाहिलं. माल न्यायला ट्रक फाटकात येऊन उभा होता आणि चारशे शर्टांची काजं व्हायची होती. "मशीनं चालू करा!" तो ओरडला.

"काजवाली येऊ दे, साहेब. मग करतो," बटणवाली म्हणाली, आणि तिनंही एक पट्टी उचलली. मग शेजारणीनं. मग तिच्या शेजारणीनं. तो बघत राहिला. वर साहेबांकडं जायची त्याची छाती झाली नाही. सांगणार तरी काय होता?

जाऊ परत येऊन मशीनवर बसली. तिला कुणी घरी पाठवलं नाही.

कॉलरवाली सगळ्यांत शेवटी संडासला गेली. तिला लागली नव्हती. तिनं आतून कडी घातली, उसवायची सुरी काढली आणि मुठीतली पट्टी टाक्याटाक्यानं उसवली. कसली सुबक शिवली होती मेलीनं! तो उलटा टाका काही केल्या निघेना. तो तिनं दातांनी तोडला.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

"येते गं," ती म्हणाली, आणि तिनं सावकाश, कोपरापर्यंत हात धुतले.