व्यापारी संघाचा टँकर

मित्रांनो, ताडकळसच्या व्यापारी संघाचा जुना पाण्याचा टँकर म्हणजे मी. टँकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोठा ट्रक उभा राहील, पण मी तसा नाही. मला इंजिन नाही. जाड पत्र्याची गोल टाकी, खाली दोन चाकं आणि पुढे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा, एवढाच माझा पसारा. कोणी भरलं तर मी उपयोगी पडतो आणि कोणी ओढलं तर चालतो.

परभणीच्या रस्त्याला एक वेल्डिंगचं दुकान होतं, तिथं माझा जन्म झाला. पत्रा वाकवताना आणि सांधताना खूप चटके बसले. पण पहिल्यांदा पाणी भरलं आणि एकही थेंब गळला नाही, तेव्हा कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. उन्हाळ्यात बाजारपेठेतल्या बोअरचं पाणी आटायचं, म्हणून सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून मला विकत घेतलं होतं.

मला ओढणारा ट्रॅक्टर रामहरीचा. तो सकाळी मला विहिरीवर भरायचा आणि बाजारभर फिरवायचा. हॉटेलांचे ड्रम, पाणपोईचे रांजण, लग्नाच्या मांडवातली पिंपं, सगळीकडे माझीच वाट पाहिली जायची. "आला गं टँकर!" अशी आरोळी ऐकली की मला फार आनंद व्हायचा.

पुढे गावात नळयोजना आली. घरोघर पाणी आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण माझं काम संपलं. संघाच्या कचेरीमागे लिंबाच्या झाडाखाली मला उभं केलं, ते तसंच. चाकांतली हवा गेली, तोटी गंजून बसली. माझ्या पाठीवर कोणी शिकवणीच्या जाहिराती चिकटवल्या. खाली कोंबड्या बसू लागल्या. रामहरी जवळून जायचा, पण त्यालाही माझ्याकडे बघवत नसावं.

गेल्या वर्षीची गोष्ट. संघाची वार्षिक सभा कचेरीच्या अंगणात, माझ्या शेजारीच भरली. अध्यक्ष व्यंकटराव हे कापडाचे मोठे दुकानदार. नेहमी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत असायचे. त्यांनी वर्षभरात काय काय झालं ते सांगितलं. बाजारात नवे दिवे लागले, महिलांसाठी स्वच्छतागृह झालं. मग म्हणाले, "आता यंदा बाजाराच्या तोंडावर संघाच्या नावाची कमान बांधायची. लय दिवसांची माझी इच्छा हाय. परभणीहून येणाऱ्या माणसाला लांबूनच दिसली पायजे."

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात संघाच्या सचिव सुनेत्राताई उठल्या. त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे.

"अध्यक्ष, कमान छानच दिसेल. पण बाजारात आग लागली तर आपण काय करायचं?"

"बंब येतोय की."

"आणि बंब पोचेपर्यंत?"

सुनेत्राताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा टँकर इथं नुसता उभा आहे. याच्यावर पंप बसवू, लांब पाईप घेऊ आणि कायम भरून ठेवू."

"ताई, त्याला हात लावला तर हाताला गंज लागायलाय!" मागून कोणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. मला लाज वाटली.

तेव्हा रामहरी उभा राहिला. "गंज वरवरचा हाय. पत्रा अजून दमदार हाय. नीट करायचा जिम्मा माझा."

बराच वेळ वाद झाला. शेवटी हात वर करायला सांगितले, तर माझ्या बाजूनं हात जास्त निघाले. व्यंकटरावांचा चेहरा पडला. "मंजूर म्हणा मग," ते म्हणाले. "कमान पुढच्या वर्षी. पण ह्यो टँकर हितं सडला तर मला इचारू नका."

रामहरीनं मला घासलं, नवे टायर चढवले, लाल रंग दिला. पाठीवर डिझेलचा पंप बसला. मग दर रविवारी तरुण दुकानदार सराव करू लागले. पहिल्याच सरावात पाईप हातातून निसटला आणि नागासारखा वळवळत थेट व्यंकटरावांकडे वळला! त्यांचे पांढरे कपडे क्षणात चिंब झाले. कोणी तरी धावत जाऊन पंप बंद केला. व्यंकटरावांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "पाण्याला जोर हाय म्हणायचा!" मग तेच मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून ते जाता-येता माझ्या टाकीवर टकटक करून बघू लागले, भरलेली आहे का म्हणून.

वैशाखात एका बाजाराच्या दिवशी दुपारी आरडाओरडा झाला. गादीवाल्या मुंजाजीच्या दुकानात कापूस पिंजायच्या मशीनमधून ठिणगी उडाली होती. कापूसच तो, बघता बघता पेटला. मुंजाजी आणि त्याची माणसं बाहेर पडली, पण शेजारीच धम्मशीलाचं शिलाईचं दुकान होतं. शाळेच्या मुलांचे नवे गणवेश तिनं छतापर्यंत रचून ठेवले होते. महिनोन्महिने खपून शिवलेले. ती धुरात आत-बाहेर करत गठ्ठे काढत होती आणि कोणाचं ऐकत नव्हती.

रामहरीनं मला ट्रॅक्टर जोडला. आम्ही निघालो खरे, पण बाजाराच्या गल्लीत शिरताच थांबावं लागलं. दोन्ही बाजूंची दुकानं रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली. कांद्याचे ढीग, बांगड्यांच्या गाड्या, ताडपत्र्या. टाकी भरलेली असूनही मी आगीपर्यंत पोचू शकत नव्हतो. मित्रांनो, एवढं असहाय मला लिंबाखालीही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात व्यंकटराव पुढून धावत आले. "सरका! टोपल्या उचला!" असं ओरडत ते स्वतःच कांद्याची पोती ओढू लागले. लोक हलले, ताडपत्र्या सुटल्या, मी थोडा थोडा पुढे सरकलो. पण गल्लीच्या वळणावर सुलाबाईचं दुकान होतं. गोणपाटावर वांगी पसरलेली. ती उचलायला वेळच नव्हता. रामहरीनं ब्रेक दाबला.

"थांबलास कामून?" सुलाबाई ओरडली. "घाल चाक!"

"मावशे, सगळी वांगी जातील."

"जाऊ दे! तकडं धम्मशीला पोरीचं दुकान जळायलंय आन् तू वांगी बघायलास?"

रामहरीनं ट्रॅक्टर पुढे घेतला. माझ्या चाकांखाली वांगी चिरडली गेली. सुलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, ती पाईप सोडवायला आमच्यामागून धावत आली.

पंप सुरू झाला. रविवारचा सराव कामी आला, कोणी गोंधळलं नाही. दोघांनी पाईप धरला, बाकीच्यांनी वीज तोडली, लोक मागे सारले. व्यंकटरावांनी धम्मशीलाला हाताला धरून बाहेर काढलं. मी माझ्या पोटातलं सगळं पाणी दिलं. टाकी रिकामी होत आली, तेव्हा ज्वाळा खाली बसल्या आणि नुसता धूर उरला. मग बंब आला आणि त्यानं उरलीसुरली धग विझवली. मुंजाजीचं दुकान अर्धं गेलं, पण आग पुढे सरकली नाही. धम्मशीलाचे गणवेश धुरानं काळवंडले होते, तेवढंच. ती माझ्या चाकाशी बसून रडत होती आणि हसतही होती. त्या आठवड्यात गावातल्या कितीतरी बायका तिच्याकडे जमल्या आणि सगळे कपडे धुऊन वाळवून दिले. शाळा सुरू झाली तेव्हा मुलं तेच गणवेश घालून गेली.

यंदाची वार्षिक सभा गेल्या महिन्यात झाली. मी नेहमीच्याच जागी होतो, पण या वेळी माझ्या दांड्याला झेंडूचा हार होता. सुनेत्राताईंनी वर्षाचा अहवाल वाचला. मुंजाजीचं दुकान संघाच्या मदतीनं पुन्हा उभं राहिलं होतं. जुन्या वायरी बदलून झाल्या होत्या. बायकांनाही पंप चालवायला शिकवलं होतं, त्यात धम्मशीला सगळ्यांत तरबेज झाली होती.

मग पुढच्या वर्षाचा बेत सांगायला व्यंकटराव उठले. सभेला त्यांनी भाजीवाल्या बायकांनाही बोलावलं होतं. सुलाबाई पहिल्या रांगेत, पदर सावरत बसली होती.

एकानं विचारलं, "अध्यक्ष, यंदा तरी कमान ना?"

व्यंकटराव हसले. "न्हाई. त्या दिवशी सुलाबाईच्या वांग्यावरून चाक न्यावं लागलं. ती बिचारी रस्त्यावर बसली, कारण आपण तिला दुसरी जागा दिली न्हाई. आधी ह्या बायांना बसायला पक्के ओटे बांधू, वर पत्र्याची सावली करू. रस्ता मोकळा ऱ्हाईल."

सुलाबाई उठून म्हणाली, "साहेब, ओटा लय उंच करू नका. गुडघे दुखत्यात."

"ओटे तुमी सांगताल तसेच करू," व्यंकटराव म्हणाले. या वेळी हात मोजावे लागले नाहीत.

ओटे बांधून झाले आहेत. परवाच्या बाजारात रामहरीनं मला काठोकाठ भरून त्याच गल्लीतून नेऊन पाहिलं. दोन्हीकडे सावलीत बायका बसल्या होत्या, भाव सांगत होत्या, गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होत्या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. एकीलाही टोपली उचलावी लागली नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं काही ना काही असेल. शाळेतलं लाल अग्निशामक नळकांडं असेल, नाही तर वाळूच्या बादल्या असतील. त्यांची आठवण संकटाच्या दिवशी काढू नका, आजच जाऊन बघा. आम्हाला भरून ठेवा आणि आमची वाट मोकळी ठेवा. मग मी वर्षभर या लिंबाखाली नुसता उभा राहिलो, तरी मला त्याचं काहीच वाईट वाटणार नाही.