धुऊ की नको?

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. गोड गोड काही ऐकायला मिळेल म्हणून तुम्ही बसला असाल, तर हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. माझी दोन पाती वेगवेगळी घडवली गेली आणि मग एका कारागिराने ती एकमेकांवर घासून घासून जोडीला बसवली. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला आपल्या भाचीच्या हातात दिलं आणि बजावलं, "हिने कापडाशिवाय काही कापायचं नाही. कागद तर मुळीच नाही. काम झालं की तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची."

"हो आत्या," भाची म्हणाली, आणि पुष्कळ वर्षं तिने ते पाळलं.

ही भाची म्हणजे माझी बाई. नोकरी ग्रंथालयात. चार वाजता घरी यायची, चहा प्यायची आणि माझा डबा उघडायची. शेजारपाजारच्या मुलांना आखूड झालेल्या कपड्यांचे ती हत्ती आणि ससे करायची. ज्या मुलाचा सदरा, त्या मुलाचाच हत्ती. तिचा हात फिरला की जुन्या कापडालाही कान फुटायचे.

कपडा हातात आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "धुऊ की नको?"

बरेच जण हसायचे. "अहो, धुवा की! डाळ सांडलीय त्यावर!" पण अधूनमधून कुणीतरी खाली बघून म्हणायचं, "नको. आहे तसाच असू दे." बाईने कधी कारण विचारलं नाही. कुठल्याही कपड्याच्या शिवणीच्या आतून ती बोटभर चिंधी माझ्याकडून कापून घ्यायची, तिच्याशी दोऱ्याचा रंग जुळवायची आणि ती माझ्याच डब्यात ठेवायची.

लोक आपण होऊन पैसे देऊ लागले. त्यातून बाईने नवा चष्मा घेतला. मित्रांनो, मी नाक मुरडलं नाही. आवडीच्या कामाचे पैसे मिळाले तर कुणाच्या पोटात का दुखावं?

मग आमच्याकडे दीर राहायला आले. रंगाच्या दुकानात वीस वर्षं विक्रेते होते, ते दुकान बंद पडलं. माणूस वाईट नाही, पण तोंड बंद राहील तर शपथ. "वहिनी, तुमच्या हातात कला आहे आणि तुम्ही ती चार भिंतींत कोंडून ठेवलीय! मला सहा महिने द्या."

सहा महिन्यांत महिन्याच्या दहा हत्तींचे साठ झाले. बाईने ग्रंथालयाची नोकरी सोडली. आता घर या हत्तींवरच चालायचं होतं. दिरांनी नियम केला की आलेला प्रत्येक कपडा थेट लाँड्रीत जाईल. धुलाई, खळ, कडक इस्त्री. "गिऱ्हाइकाला वस्तू कशी कोरी करकरीत वाटली पाहिजे," ते म्हणाले. बाईच्या प्रश्नाला जागाच उरली नाही. कापायला विजेचं यंत्र आलं. आणि मला काय काम मिळालं? खोकी फोडायचं. चिकटपट्टी कापायचं! चिकटपट्टी, मित्रांनो, माझ्या पात्यांनी! गोंदाने माझं तोंड मिटेना की उघडेना. आत्या असत्या तर दिरांचा कान धरला असता.

एक दिवस म्हातारे घड्याळजी आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी गाठ मारलेली पिशवी मांडीवर घेतली.

"हिचा गाऊन आहे. दोन वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "मी गाठ फारशी सोडत नाही. पण एक उशी झाली तर जवळ ठेवता येईल."

बाईने जुन्या सवयीने मला हातात घेतलं, शिवणीतून चिंधी काढली, फिकट निळा दोरा जुळवला आणि चिंधी डब्यात ठेवली. ती प्रश्न विचारणार इतक्यात दीर मोबाइल घेऊन आत आले. "आजोबा, उशीचे आकार बघून घ्या. गोल हवी की चौकोनी?" बाईचा प्रश्न ओठांवरच राहिला आणि पिशवी लाँड्रीच्या गठ्ठ्यात गेली.

चार दिवसांनी गाऊन परत आला. या एका कामासाठी बाईने मला डब्यातून काढलं. कापड हातात घेतलं आणि ती थबकली.

"भाऊजी, हा धुतला?"

"म्हणजे काय! गळ्यापाशी डाग होता, तोही काढून दिलाय त्यांनी."

"मी घड्याळजींना विचारलं नव्हतं."

"स्वच्छ कपड्याची आजवर कुणी तक्रार केलीय का, वहिनी? उद्या द्यायचीय उशी."

बाईने इस्त्रीची घडी मोडली. मग तिने कापायला घेतलं. मी अडले, पुन्हा अडले. तिला वाटलं गोंद आहे. गोंद होताच, पण मला तिचाही राग आला होता. तिला सगळं कळलं होतं आणि तरी ती कापत राहिली.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी उशी घेतली आणि चेहऱ्याला लावली. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"छान झालीय," ते अखेर म्हणाले. "धुतलात होय गाऊन?"

"एकदम चकाचक, आजोबा!" दीर म्हणाले.

"माझं चुकलं," बाई म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं." आणि एकदम आठवण होऊन तिने माझा डबा उपडा केला. फडक्याखाली ती चिंधी सापडली. न धुतलेली. तिने दोन्ही हातांनी ती पुढे केली.

घड्याळजींनी चिंधी नाकाशी नेली.

"तेल," ते म्हणाले.

बाईने तोंडावर हात ठेवला. ते माझं तेल होतं.

"असू दे, बाई," म्हातारे म्हणाले. "माझ्या हातांनाही तेलाचाच वास. चाळीस वर्षं ती ओरडायची, आधी हात धुवा. तेलाच्या आत आहे ती. येतोय तिचा वास." त्यांनी चिंधी खिशात ठेवली, उशी काखेत मारली आणि ते गेले.

आता महिन्याला तीसच हत्ती होतात. दारात कपडा आला की दीर स्वतः विचारतात, "धुऊ की नको?" चिंध्यांना वेगळा डबा मिळाला आहे आणि खोक्यांसाठी वेगळी कात्री आली आहे.

मित्रांनो, छंदातून पैसे मिळवा, खुशाल मिळवा. पण लोक नुसता कपडा आणून देत नाहीत, हे विसरू नका. हात लावण्याआधी विचारा. कितीही घाई असली तरी विचारा.

माझा राग मात्र गेलेला नाही. ती चिंधी पाच दिवस माझ्या अंगाला चिकटून होती. तिच्यात तेलाशिवाय काहीही उरलं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हातारा खोटं बोलला. ज्याचं गेलं, त्यालाच आमची समजूत घालावी लागली.